कूपन घेतलंत ना?

खिसे चाचपा. युआनच्या नोटा आहेत, ठीक. पण धान्याची कूपनं कुठायत? त्यांच्याशिवाय 1981 च्या बीजिंगमध्ये तुम्हाला वाडगाभर नूडल्ससुद्धा मिळायच्या नाहीत.

नोव्हेंबरची पहाट आहे. थंडीनं कान झोंबतायत. जुन्या बैठ्या घरांच्या गल्लीत कोळशाचा धूर भरलाय, कारण दारोदारी भोकाभोकांच्या गोल कोळसावड्या पेटल्यात. गल्लीच्या तोंडाशी ट्रक रिकामा होतोय आणि फुटपाथवर कोबीचा डोंगर चढतोय. लांबट, जाड पांढऱ्या देठांचा चिनी कोबी. रांगेत मध्येच घुसू नका, मागे जा. शेजारच्या मावशी सांगतीलच, "दोन गड्ड्यांनी काय होणार? अख्खा हिवाळा काढायचाय!" खरंय त्यांचं. एकेक घर शंभर-दीडशे किलो उचलतं, कारण आता वसंतापर्यंत दुसरी ताजी भाजी क्वचितच दिसणार. घासलेटची रांग ज्यांना आठवते त्यांना इथे फारसं परकं वाटणार नाही.

तीनचाकी गाडी आली, हात लावा. गड्डे बर्फासारखे गार, बोटं बधिर होतात. आणि बाहेरची पानं खुडू नका हं! तीच वाळून आतल्या पानांना जपतात. भिंतीलगत थर रचायचे, वर जुनी रजई टाकायची, ऊन पडलं की रजई काढून गड्डे उलटायचे. ही राखण घरातली म्हातारी माणसं करतात आणि चोख करतात.

भूक लागली असेल. खानावळीत शिरा. काचांवर वाफ धरलीय, लसूण आणि व्हिनेगरचा वास थेट नाकात जातो. इथे मागणी वजनावर सांगायची. तीन लिआंग, म्हणजे 150 ग्रॅम. पैसे द्या, सोबत तेवढ्याच धान्याचं कूपन द्या, आणि कुणाच्या तरी कोपराला कोपर लावून उभ्यानं खा.

वाटेत कापडाचं दुकान लागेल. तिथे मान वर करा. डोक्यावरून तारा गेल्यात. विक्रेती बिल, पैसे आणि कापडाचं कूपन चिमट्यात अडकवते, जोरात ढकलते, आणि चिमटा सर्रकन उंच बसलेल्या रोखपालाकडे जातो. सुटे पैसे त्याच तारेवरून परत. मुलं नुसती ते बघायला थांबतात.

आता वांगफूचिंगचं मोठं सरकारी दुकान. गोळ्या-चॉकलेटांच्या काउंटरवर विक्रेते चांग बिंगगुई उभे असतात. तुम्ही वजन सांगा, ते गोळ्यांत हात घालतील, आणि मुठीत नेमक्या तेवढ्याच येतील. तराजू फक्त होकार देतो. कागदाची पुडी बांधता बांधता हिशेब तोंडी. मला विचाराल तर या शहरात बघण्यासारखं हेच. दिवसभर रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांचा वेळ वाचावा म्हणून एकानं कमावलेला हात.

सायकलींपाशी जास्त रेंगाळू नका. 'फ्लाइंग पिजन'ची किंमत कामगाराचे तीन-चार पगार, आणि वर सायकलीचं कूपन वेगळं. काळ्या रंगावरून हात फिरवून लोक निघून जातात.

तुम्ही मात्र 11 वर्षं पुढे या. रस्ता तोच. वांगफूचिंगच्या दक्षिण टोकाला, 1992 च्या एप्रिलमध्ये मॅकडोनाल्ड्स उघडलंय. पहिल्याच दिवशी 40,000 गिऱ्हाईकं! तळलेल्या बटाट्याचा वास फुटपाथपर्यंत येतोय. आत इतका उजेड की नातवाला घेऊन आलेल्या एका आजीचे डोळे दिपलेत. धान्याची कूपनं वर्षभरात बंद होतील, पण आजीची जपून ठेवायची सवय लगेच कुठली सुटायला? ती एकच बर्गर घेणार, नातवापुरता, आणि रिकामा कागदी पेला धुवून घरी नेणार. काउंटरवरचा फलक तिला कळत नाही. नातवाला पाठ आहे. ती पैसे त्याच्या हातात देते आणि मागणी तोच सांगतो.