डिगॉक्सिन निकामी करणारे आतड्यातील विकर

हृदय क्षीण झाल्यास किंवा त्याचे ठोके अनियमित पडू लागल्यास दिले जाणारे डिगॉक्सिन काही रुग्णांच्या आतड्यातच अंशतः निकामी होते. हे काम यकृताचे नव्हे. आतड्यात वास्तव्य करणाऱ्या ‘एगर्थेला लेंटा’ या जिवाणूच्या विकराचे, म्हणजेच एन्झाइमचे आहे.

डिजिटॅलिस वनस्पतीपासून मिळणाऱ्या या औषधाच्या रेणूत लॅक्टोन वलय असते. त्यातील दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडला गेला की डायहायड्रोडिगॉक्सिन तयार होते. बदल एवढाच, परंतु नवा रेणू हृदयपेशींवरील सोडियम-पोटॅशियम पंपाला नीट बांधला जात नाही आणि औषधाचा गुण जवळजवळ नाहीसा होतो.

डिगॉक्सिनच्या उपयुक्त आणि विषारी मात्रांमधील अंतर फार थोडे असल्याने ही बाब गंभीर ठरते. कोलंबिया विद्यापीठातील जॉन लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांच्या शरीरात बरेच औषध असे निकामी होत होते त्यांना एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन देण्यात आले. गोळीची मात्रा तीच असूनही रक्तातील डिगॉक्सिन काहींमध्ये दुपटीपर्यंत वाढले. अशी वाढ झाल्यास मळमळ, पिवळसर दिसणे आणि प्राणघातक ठरू शकणारी ठोक्यांची अनियमितता उद्भवू शकते. म्हणूनच साध्या संसर्गासाठी प्रतिजैविक लिहून घेतानाही आपण डिगॉक्सिन घेत असल्याचे रुग्णाने डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. एरिथ्रोमायसिनच्या कुळातील औषधे पेशींमधून डिगॉक्सिन बाहेर टाकणाऱ्या प्रथिनालाही अडवतात. त्यामुळे सगळा दोष जिवाणूंच्या माथी मारता येत नाही.

भारताशी संबंधित निरीक्षण १९८९ मधील आहे. न्यूयॉर्कमधील सुमारे ३६ टक्के लोकांमध्ये हे रूपांतर आढळले, तर दक्षिण भारतातील लोकांमध्ये ते सुमारे १४ टक्केच होते. त्यातही ग्रामीण भागापेक्षा शहरी भागात प्रमाण अधिक होते. परदेशात निश्चित झालेली मात्रा येथे जशीच्या तशी लागू करताना हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

जिवाणू आढळला म्हणजे औषध निकामी होणारच, असेही नाही. पीटर टर्नबॉ यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवून दिले की, या जिवाणूच्या सर्व वाणांमध्ये ही क्षमता नसते. त्यासाठी विशिष्ट जनुके लागतात. पुढे २०१८ मध्ये त्यांपैकी ‘सीजीआर-२’ या जनुकाचे विकर एकटेच हे रूपांतर घडवते, हे स्पष्ट झाले. आर्जिनिन या अमिनो आम्लामुळे ही क्रिया मंदावते. हा जिवाणू सोडलेल्या उंदरांना प्रथिनयुक्त आहार दिल्यावर त्यांच्या रक्तातील डिगॉक्सिन वाढले. माणसांसाठी मात्र त्यावरून आहाराचा सल्ला देता येत नाही.

कंपवातावरील लेव्होडोपाचीही अशीच गत होते. ‘एन्टरोकोकस फेकॅलिस’ हा जिवाणू आतड्यातच त्याचे डोपामिन करतो आणि ते मेंदूत पोहोचू शकत नाही. सोबत दिले जाणारे कार्बिडोपा मानवी विकराला रोखते. जिवाणूच्या विकरावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, असे २०१९ मध्ये दिसून आले.