विंचवाचं बिऱ्हाड

'गोणी' हा आपला शब्द इंग्रजांनी उचलला आणि त्याचा 'गनी' केला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. मात्र गोणी म्हणजे मुळात कोपऱ्यात उभं करून ठेवायचं पोतं नव्हे, हे सहसा कुणाच्या लक्षात नसतं. ती बैलाच्या पाठीवर आडवी टाकायची, दोन्ही कुशींना सारखी लोंबणारी पिशवी. लमाणांचे तांडे अशा गोण्यांतून गोव्याचं मीठ घाटावर नेत आणि परतीच्या वाटेने धान्य खाली आणत. १८८८ साली मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि या वाटांचा दिमाख हळूहळू संपला. पण ओझ्याचं एक सूत्र त्या गोणीत होतं. वजन जनावराच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना सारखं पडलं पाहिजे, आणि ते हलता कामा नये. एका बाजूला दोन शेर जास्त झाले तर चढावर गोणी घसरायची आणि बैलाची पाठ सोलून निघायची.

हे आठवायचं कारण म्हणजे हल्ली ओळखीतली तरुण मुलं हमखास एक प्रश्न घेऊन येतात. पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोडच्या रानात भटकायचं, थंडीत सह्याद्रीतला एखादा कातळ चढायचा, मे महिन्यात हिमालयात गिर्यारोहणाचा कोर्स करायचा. या सगळ्याला पुरेल अशी एकच सॅक कुठली घ्यावी? दुकानात भिंतभर सॅका टांगलेल्या, एकेकीला पंधरा-वीस पट्टे, आणि विक्रेता सगळ्याच चांगल्या म्हणतो. मी त्यांना इतिहास सांगायला लागलो की ती चुळबुळ करतात. पण माझं मत असं की यातला प्रत्येक पट्टा कुणाच्या तरी दुखऱ्या खांद्यातून जन्माला आलाय, आणि तो कुठून आला हे कळलं की आपल्याला कुठला लागतो आणि कुठला नाही हे आपोआप कळतं.

माणसाने ओझं कुठे घ्यायचं? डोक्यावर, खांद्यावर की कमरेवर? सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. आपल्याकडे तिन्ही प्रकार होते. डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर पाटी, खांद्यावर कावड किंवा वारकऱ्याची पडशी, आणि लहान मूल कमरेवर. डोंगराळ मुलखात मात्र पाठीला पर्याय नाही, कारण हात मोकळे लागतात. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात सुमारे ३,२०० मीटर उंचीवर एका माणसाचा देह सापडला. त्याचं नाव पुढे 'ओट्झी' पडलं. तो निघाला ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या सामानाशेजारी हेझेलची एक लांब फांदी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली आणि लार्चच्या लाकडाच्या दोन फळ्या मिळाल्या. बहुतेक संशोधकांच्या मते ती पाठीवरच्या ओझ्याची चौकट होती. ती बर्फावरून चालायच्या पादत्राणाचा भाग असावी असंही काहींना वाटतं. चौकट असेल तर गंमत बघा, कारण विसाव्या शतकात पेटंट घेऊन विकल्या गेलेल्या वस्तूशी तिचं नातं अगदी जवळचं ठरतं.

ते पेटंट नॉर्वेच्या ओले बर्गनचं, १९०९ सालचं. 'रकसॅक' या जर्मन शब्दाचा अर्थच 'पाठीची पोतडी', आणि तेव्हाच्या सॅका खरोखर पोतडीसारख्याच असत. बिनआकाराच्या, भरल्या की मागे लोंबणाऱ्या. ओझं पाठीपासून जितकं दूर तितकं ते माणसाला मागे खेचतं, आणि मग माणूस पुढे वाकून चालतो. बर्गन शिकारीला गेला होता, त्याची पिशवी पाठीला टोचत होती, म्हणून त्याने जुनिपरची फांदी स्वतःच्या पाठीच्या आकारात वाकवून पिशवीला जोडली, अशी हकीकत सांगतात. ओझं एकदम अंगालगत आलं आणि पाठ व पिशवी यांच्यात वारा खेळू लागला. ब्रिटिश सैनिक आजही सॅकला 'बर्गन' म्हणतात. आपल्या फौजेतला शब्द मात्र 'पिट्ठू'. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे त्या बाजूच्या घरांतून हा शब्द सहज कानावर येतो. मला तो 'रकसॅक'पेक्षा जास्त आवडतो. त्यात पाठ आहे आणि सोबतही आहे.

बर्गनने ओझं पाठीजवळ आणलं खरं, पण भार खांद्यांवरच राहिला. तो कमरेवर उतरवायचं श्रेय बहुधा अमेरिकेतल्या डिक केल्टीला देतात. कॅलिफोर्नियातल्या एका भटकंतीत चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खुपसल्यावर खांदे हलके झाले, ही त्यामागची गोष्ट. १९५२ साली त्याने घरच्या घरी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट, नायलॉनची पिशवी आणि कमरपट्टा अशा सॅका करून विकायला सुरुवात केली. खुब्याची हाडं आणि मांडीचे स्नायू हे शरीरातले सगळ्यात दणकट भाग. त्यांच्यावर वजन टाकायचं ही कल्पना आज इतकी उघड वाटते की ती कुणाला तरी सुचावी लागली यावर विश्वास बसत नाही. आपल्याकडच्या जुन्या ट्रेकर मंडळींच्या पाठीवर दिसायच्या त्या कुरकुरणाऱ्या 'फ्रेम सॅक' याच घराण्यातल्या.

पायवाटेवर केल्टीची चौकट उत्तम. कातळावर मात्र ती शत्रू. डोक्याच्या वर आलेली नळी, मान वर करून पुढची पकड शोधायला गेलं की हेल्मेटला आपटते. कपारीत शिरलं की चौकट अडकते. आल्प्समधले प्रस्तरारोहक म्हणून फार काळ चौकटीच्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांची पिशवी अरुंद, उभट, जाड कॅनव्हासची, बाहेरून गुळगुळीत. तिच्या तोंडाला आत दुमडलेला एक लांब कापडी घोळ असे. कड्यावर रात्र काढायची वेळ आली तर सामान बाहेर काढायचं, घोळ वर ओढायचा आणि पाय त्या पिशवीत घालून बसायचं. आजही काही सॅकांच्या तोंडाला तो घोळ असतो आणि विक्रेता तो 'जास्तीचं सामान भरायला' म्हणून दाखवतो.

या काळातल्या दोन गोष्टी मी मुलांना नेहमी सांगतो. पहिली अन्नपूर्णेची. ३ जून १९५० रोजी मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक ८,०९१ मीटरच्या शिखरावर पोचले. आठ हजारांवरच्या शिखरावर माणूस चढल्याची ही पहिलीच वेळ. उतरताना एर्झोगने सॅक उघडण्यासाठी हातमोजे काढले, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत उतारावरून घरंगळत गेले. सॅकमध्ये पायमोज्यांचा एक जादा जोड होता, तो हातात घालता आला असता. त्याला ते सुचलंच नाही. पुढे हिमदंशाने त्याच्या पायाची सगळी आणि हाताची बहुतेक बोटं कापावी लागली. दोष पिशवीचा नव्हे, त्या उंचीवर प्राणवायूअभावी डोकंच चालेनासं होतं. पण डोकं चालत नसतानाही हातांना जमेल इतकी सॅक सोपी हवी. तिचे बकल हातमोजे न काढता उघडता-लावता आले पाहिजेत, आणि जीव वाचवणाऱ्या वस्तू तळाशी नव्हे तर वरच्या टोपणात असल्या पाहिजेत.

दुसरी वाल्तेर बोनात्तीची. ऑगस्ट १९५५ मध्ये या इटालियन गिर्यारोहकाने आल्प्समधल्या द्र्यू शिखराचा नैर्ऋत्य स्तंभ एकट्याने, सहा दिवसांत चढला. सोबती नाही, त्यामुळे एक टप्पा चढायचा, दोर बांधायचा, पुन्हा खाली उतरायचं, मागचे खिळे काढत वर यायचं आणि मग सॅक ओढून घ्यायची. म्हणजे जवळजवळ अख्खा कडा दोनदा चढायचा. त्यात सुरुवातीलाच सॅकमधल्या एका खिळ्याने स्पिरिटचा डबा फुटला आणि बरंचसं अन्न नासलं. सॅकच्या मानेशी असलेला ओढायचा मजबूत फास, खरचटणं सोसणारं कापड आणि टोकदार वस्तू बाहेर अडकवायची सोय कशासाठी, हे या कथेनंतर वेगळं सांगावं लागत नाही.

केल्टीची कंबर आणि आल्प्सची अरुंद पिशवी यांचं लग्न लावलं ते अमेरिकन गिर्यारोहक ग्रेग लोवने, १९६७ साली. त्याने चौकट पिशवीच्या आत घातली. बाजूला आवळायचे पट्टे दिले, म्हणजे अर्धी भरलेली सॅकही घट्ट बसेल. खांद्यावरून वर जाणारे छोटे पट्टे दिले, त्यांनी वरचं वजन पाठीकडे ओढता येतं. आणि छातीवरचा पट्टा. आज दुकानात जी सॅक दिसते तिचा आराखडा बव्हंशी हाच. पुढे १९७५ मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर यांनी गाशेरब्रुम-१ हे आठ हजारी शिखर दोघांनीच, लागेल तेवढं पाठीवर घेऊन चढून दाखवलं. तिथून सॅकची स्पर्धा जास्त वाहण्यापेक्षा कमी वाहण्याची झाली.

आता थोडं विषयांतर, पण ते टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. ही सगळी नावं पेटंटवाल्यांची आणि शिखरवाल्यांची. १९५३ची एव्हरेस्ट मोहीम काठमांडूच्या खोऱ्यातून निघाली तेव्हा साडेतीनशेहून अधिक हमाल सामान वाहत होते. त्यांच्यापाशी सॅक नव्हती. डोको नावाची वेताबांबूची टोपली, कपाळाच्या किंचित वर टेकणारा नाम्लो नावाचा पट्टा आणि टोपली टेकून उभ्याउभ्या विसावा घ्यायला तोक्मा ही काठी, एवढाच सरंजाम. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात नेपाळी हमालांवर एक अभ्यास आला. नामचे बाजाराकडे माल नेणाऱ्या पुरुषांच्या पाठीवर सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भार होता, बायकांच्या पाठीवर ६६ टक्के. आणि त्यासाठी त्यांना लागणारी ऊर्जा, सॅक घेतलेल्या माणसापेक्षा बरीच कमी. म्हणजे ओझं वाहण्याच्या शर्यतीत आपली महागडी सॅक एका पट्ट्यापुढे हरते! फक्त नाम्लो लावलेल्या माणसाला मान वर करून कडा पाहता येत नाही. सॅक हवी ती कडा चढायला. ओझं वाहायला ती कधीच सर्वोत्तम नव्हती. १९३४ साली शिप्टन आणि टिलमन ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या अभयारण्यात शिरले ते आंग थारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांसह, आणि ओझं पाचही जणांनी वाहिलं. मला त्या काळातली ही मोहीम सर्वांत जवळची वाटते.

असो. तर वर्षभराची एक सॅक. माझं उत्तर ३५ ते ४५ लिटर, रिकामी असताना दीड किलोच्या आतली. मोठी घेतली की माणूस ती भरतोच. आतली पट्टी आणि कमरपट्ट्याची गादी काढता येणारी असावी, कारण कातळावर हार्नेस घातला की जाड कमरपट्टा नेमका साधनं लटकवायच्या कड्यांवर बसतो. बाजूचे आवळायचे पट्टे हवेतच. बर्फकुऱ्हाडीचे फास असले तर सह्याद्रीत ओझं होत नाहीत. पण बाहेरच्या जाळीच्या खिशांना भुलू नये. सत्तरी-सांग्याच्या रानात करवंदीच्या काट्यांनी ते एका पावसाळ्यात फाटतात. तोंडाला चेनपेक्षा नाडी बरी, कारण तांबडी माती दातांत बसली की चेन अडते आणि नाडी अडत नाही.

मापाचं म्हणाल तर आपल्या उंचीचा फारसा उपयोग नाही. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो तिथपासून खुब्याच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून घ्यावं आणि सॅकच्या पाठीची लांबी त्याच्याशी ताडून बघावी. दुकानात आठ-दहा किलो भरायला सांगावं आणि ती घेऊन दोन मजले चढून उतरावं. विक्रेता कंटाळला तरी चालेल. खांदे आणि कंबर दोन्हीकडे भार जाणवला पाहिजे, आणि मान मागे टाकून छताकडे बघता आलं पाहिजे.

पावसाचं कव्हर आमच्या घाटातल्या वाऱ्यात टोपीसारखं उडतं आणि पाठीकडून पाणी शिरतंच. त्यापेक्षा सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधलं की झालं. आणि गोव्यात सॅक पावसाळ्यात मरते ती डोंगरावर नव्हे, कपाटात. कापडाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा जो थर असतो तो दमटपणाने आधी चिकट होतो आणि मग पापुद्र्यांसारखा सुटतो. म्हणून ट्रेकहून आलं की ती साध्या पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि पट्टे सैल करून, तोंड उघडं ठेवून, वारा लागेल अशा खुंटीला टांगून ठेवावी.