जॉबरच्या शब्दावर

गिरणीच्या फाटकावर ‘माणसं हवीत’ अशी पाटी लागत नसे. तरी पहाटेचा भोंगा व्हायच्या आधी लालबाग-परळच्या गिरण्यांसमोर पोरं येऊन उभी राहत. त्यांतल्या कुणाला आत घ्यायचं हे साहेब ठरवत नसे, ते जॉबर ठरवायचा. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात, जॉबर होते. मी ठाण्यात प्लेसमेंटचं ऑफिस चालवते, माणसं कामाला लावणं हाच माझाही धंदा. माझ्यासमोर बसणारी मुलं सांगतात, ‘मॅडम, इतके फॉर्म ऑनलाइन भरले, एकाचंही उत्तर नाही.’ तेव्हा आजोबांच्या काळातल्या फाटकाची मला आठवण होते आणि त्या व्यवस्थेत काय होतं, ते पुन्हा एकदा नीट मांडावंसं वाटतं.

कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली काढली. ताडदेवला ती गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि शतक संपेपर्यंत शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या. इतके हात आले ते बाहेरून. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दर १०० माणसांतली ८४ मुंबईबाहेर जन्मलेली होती. सगळ्यांत जास्त लोक रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि त्या वेळच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही येत असे. त्याखेरीज घाटावरून सातारा, पुणे, कोल्हापूरकडचे. ही माणसं मुंबईला आली तेव्हा ‘नोकरी शोधू’ म्हणून आली नाहीत. कुणीतरी निरोप धाडलेला असायचा: पोराला पाठव, बघतो. बोटीचं भाडं त्या निरोपाच्या भरवशावर उसनं काढलेलं असायचं.

गिरणीला जॉबर लागायचा, कारण गिरणीचा कारभारच तसा होता. मॅनेजर बरेचदा लँकेशायरहून आलेले किंवा पारशी. मजुराची बोली, त्याचं गाव, त्याची जात, यातलं त्यांना फारसं ठाऊक नसायचं. कापडाची मागणी आज आहे, उद्या नाही. माल पडून राहिला की साचे बंद ठेवायचे, ऑर्डर आली की चालू. त्यात रोज कुणी ना कुणी गैरहजर: तापाने पडलेला, पेरणीला गावी गेलेला. रिकाम्या साच्यावर त्याच सकाळी माणूस उभा करायचा तर तो चाळीतून शोधून आणणाराच कुणीतरी लागतो. जॉबर मुळात साच्यावरूनच वर चढलेला असायचा. साचा बिघडला तर दुरुस्त तोच करायचा, कामावर नजर तोच ठेवायचा. घेणं त्याच्या हातात आणि काढणंही. वायंडिंग आणि रीलिंगच्या बायकांवर अशीच नायकीण असे, आणि नवरा गेलेली, गावात कुणी उरलं नाही अशी बाई तिच्याकडेच कामाला यायची.

या सत्तेची किंमत मोजावी लागायची. तिला दस्तुरी म्हणत. काम लागताना काही, पुढे पगारातून काही. गैरहजर माणसाच्या जागी उभं राहणाऱ्या बदलीवाल्याला तर रोज सकाळी जॉबरची मर्जी सांभाळावी लागायची. जॉबर व्याजाने पैसे द्यायचा, खोली मिळवून द्यायचा, वाण्याकडे ‘हा माझा माणूस’ म्हणून सांगायचा, म्हणजे महिनाभर उधारीवर तांदूळ मिळायचा. आमच्या आजीच्या हातची भाकरी खायला दहा-बारा गडी असायचे. ते सगळे आजोबांनी लावलेले. आजी सांगायची, ‘इथेच जेवा असं कधी कुणाला म्हटलं नाही.’ तसं म्हणायची गरज नव्हती हे तिलाही कळत होतं आणि जेवणाऱ्यांनाही.

एवढं वाचून जॉबर म्हणजे लाचखाऊ दलाल असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. बऱ्याच सरकारी कागदांत तसंच चित्र आहे. मला ते अर्धंच पटतं. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणगावावर जे संशोधन केलं, त्यात जॉबरच्या सत्तेच्या मर्यादाही दाखवल्या आहेत. सकाळी साचे भरले नाहीत तर त्याचीच नोकरी जायची. त्याने जास्त ओढून धरलं तर खात्यातले लोक काम टाकून बाहेर पडायचे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तो त्याच चाळीत राहायचा. लावलेल्या पोराने चोरी केली तर मॅनेजर जॉबरला विचारणार. पोराला विनाकारण काढलं तर त्याचा चुलता गणपतीत गावी भेटणार आणि चारचौघांत विचारणार. दोन्हीकडच्या माणसांना तोंड दाखवायचं असल्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. आजच्या ऑनलाइन अर्जाच्या मागे शब्द देणारं कुणीच नसतं. माझ्या मते उत्तर न येण्याचं मोठं कारण तेच आहे. कंपनीला अर्ज कमी पडत नाहीत, माणसाविषयी सांगणारं कुणी मिळत नाही.

जॉबरच्या मागे गावही उभं असायचं. गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्या असत. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. अशा एकेका खोलीत एका गावचे कितीतरी चाकरमानी पाळीपाळीने झोपत. नवा पोरगा बोटीतून उतरला की वळकटी घेऊन थेट तिथे यायचा. काम लागेपर्यंत त्याच्याकडून जेवणाखाणाचे पैसे कुणी मागायचं नाही. गावी जाणारा कायम कामगार आपल्या साच्यावर भाऊ किंवा पुतण्या बदलीला उभा राहील याची तजवीज करून जायचा, आणि त्या बदलीतूनच पुतण्या हळूहळू साचा शिकायचा. प्रशिक्षण म्हणतात ते हेच. याच खोल्यांतून पुढे ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ या नावाची शेकडो मंडळं उभी राहिली. त्यांनी गावात शाळा बांधल्या, देवळांचे जीर्णोद्धार केले. गोव्याच्या खलाशांचं मुंबईत असंच चालायचं. धोबीतलाव, माझगावकडे गावागावाच्या कुडी असत. जहाजावर काम मिळेपर्यंत खलाशी तिथे राहायचा, आपल्या गावच्या संताच्या वेदीपुढे प्रार्थना करायचा आणि कोणत्या जहाजाला माणसं हवीत याची खबर तिथेच ऐकायचा.

हे सगळं मी मायेने लिहिते आहे. पण या व्यवस्थेत एक भिंतही होती, आणि माझे आजोबा त्या भिंतीच्या आतल्या बाजूला होते.

मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा आणि धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून बाहेर काढायचा. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना सवर्ण विणकर साचेखात्यात येऊच देत नसत. विणकाम हे गिरणीतल्या जास्त पगाराच्या कामांपैकी एक. दलित कामगार सूत कातण्याच्या, कमी पगाराच्या रिंग खात्यात अडकून राहिले. त्यांतले पुष्कळसे रत्नागिरीचेच होते, त्याच किनाऱ्यावरून, त्याच बोटींनी आलेले. ओळखीवर भरती होते तेव्हा ओळख जिथे थांबते तिथे भरती थांबते, आणि आमच्या समाजात ओळख कुठे थांबते हे सांगायला नको. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला: सर्व खात्यांत काम करण्याचा आमच्या लोकांचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर आमचे लोक या संपात राहणार नाहीत. मागणी घातली गेली, ती नाइलाजाने. मी वडिलांना एकदा विचारलं होतं, आजोबांनी लावलेल्यांत बौद्धवाडीतला कुणी होता का? नव्हता. एकही नव्हता.

जॉबरच्या हातून भरती काढून घ्यायचे प्रयत्न तेव्हाच सुरू झाले होते. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीसाठी लेबर ऑफिसर नेमावेत असं सुचवलं. १९३५ मध्ये गिरणी मालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली. कार्डवाल्याने रोज सकाळी हजर राहायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. १९५० मध्ये सरकारच्या मदतीने कामगारांच्या नोंदणीची योजना आली, मग नाव कचेरीतून यायला लागलं. आजोबांचा दरारा त्या वर्षांत ओसरला. १९५९ च्या कायद्याने मालकांवर रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवण्याची सक्ती केली. मात्र माणूस तिथूनच घ्यायची सक्ती त्या कायद्यात नव्हती. खासगी मालकांनी जागा कळवल्या आणि माणसं आपल्या ओळखीतून घेतली.

तरी एक्स्चेंजच्या नोंदवह्यांना कुणी नावं ठेवली की मला राहवत नाही. माझ्या आईला सरकारी खात्यात टायपिस्टची नोकरी एक्स्चेंजच्या कॉलनेच लागली. तिच्या माहेरचं मुंबईत कुणी नव्हतं. कार्डावरचा नोंदणी क्रमांक आणि टायपिंगचा वेग, एवढ्याच भांडवलावर तिला बोलावलं गेलं. ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नाही त्याला रांग लागते, आणि ती रांग खरी चालली पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हजारो जणांना परत आत जाता आलं नाही. कित्येक गावी गेले. कुणी भिवंडीच्या पॉवरलूमवर गेला, कुणी दादरला भाजीची टोपली घेऊन बसला. त्या कामांतही त्यांना कुणीतरी ओळखीच्यानेच नेलं. पण कायमची नोकरी, फंड, भरपगारी रजा देऊ शकणारं दार आता कुठल्याच ओळखीच्या हातात नव्हतं. ओळख तीच होती, तिच्या पलीकडची गिरणी गेली होती. काही मुलं मला विचारतात, ‘नेटवर्किंग कसं करू?’ तेव्हा हे मी आवर्जून सांगते. जागाच नसतील तर ओळखी कितीही असोत, त्यांचा उपयोग नाही.

माझ्याकडे तळोज्याच्या, महाप्याच्या कारखान्यांतून फोन येतात. बहुतेकांची सुरुवात एकच असते: ‘ओळखीतला मुलगा द्या.’ कारखानदाराची अडचण मला समजते. त्याला आजोबांसारखा कुणीतरी मध्ये हवा असतो. मी शब्द देते, आणि मुलगा टिकला नाही तर जाब मलाच द्यावा लागतो. मात्र उमेदवाराकडून मी पैसे घेत नाही. फी घेते ती कंपनीकडून, बिल देऊन.

आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुठे जागा निघाली की ती तिथे सगळ्यांत आधी येते. त्या ग्रुपमध्ये बौद्धवाडीतलं कुणी नाही, कारण त्यांचं मंडळ पहिल्यापासून वेगळं आहे. म्हणून माझ्याकडे जागा आली की मी ती दोन्ही मंडळांच्या सचिवांना एकाच वेळी पाठवते. आमच्या मंडळातल्या एका काकांनी याबद्दल मला विचारलं, ‘आपली पोरं बसून असताना तिकडे कशाला?’ मी त्यांना साचेखात्यातल्या धोट्याची गोष्ट सांगितली. त्यांना ती पटली नाही. मी दोन्हीकडे पाठवणं चालू ठेवलं आहे.