दोघांचे चाकांवरचे घर : आराखडा निवडताना

अमेरिकेत राहते घर विकून मोटरहोममध्ये कायमचे बिऱ्हाड थाटणाऱ्यांना ‘फुल-टायमर’ म्हणतात. इंजिन, चालकाचे आसन आणि राहण्याची जागा एकाच सांगाड्यावर बांधलेले वाहन म्हणजे मोटरहोम. चित्रीकरणाच्या ठिकाणी उभी असणारी व्हॅनिटी व्हॅन ज्यांनी आतून पाहिली असेल त्यांना त्याची साधारण कल्पना येईल. अशा जीवनाची तेथे जुनी परंपरा आहे. जो आणि के पीटरसन या दाम्पत्याने अशा भटक्यांसाठी ‘एस्केपीज’ हा क्लब १९७८ मध्ये स्थापन केला. २०२० नंतर घरून काम करण्याची मुभा मिळालेली तरुण जोडपीही या वाटेने जाऊ लागली. इंजिन, टायर, इंधनाचा खर्च यांची चौकशी सगळेच करतात. आतील मांडणीचा, म्हणजे फ्लोअर प्लॅनचा, विचार मात्र बहुधा माहितीपत्रकातील चित्र पाहून उरकला जातो. इकडे घर विकून झालेले असते, तिकडे नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने उतरते. चूक लक्षात येते तेव्हा ती दुरुस्त करणे फार महाग झालेले असते.

जागा तरी किती असते? बहुतेक राज्यांत वाहनाची रुंदी साडेआठ फुटांपर्यंत चालते. भिंतींची जाडी वजा जाता आत सुमारे आठ फूट उरतात. ‘बी’ वर्गातील गाडी म्हणजे उंच व्हॅनच, साधारण वीस फुटांची. ‘सी’ वर्गातील गाडीला पुढे ट्रकसारखी केबिन आणि तिच्या माथ्यावर एक बिछाना असतो; लांबी बहुधा २४ ते ३२ फूट. ‘ए’ वर्गातील गाडी बससारखी, ४५ फुटांपर्यंत. बत्तीस फुटी गाडीत चालकाचा भाग वगळला तर हाती येते ती सुमारे दोनशे चौरस फुटांची खोली. मुंबईतील बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. तेथे याहून मोठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली हे खरे. पण दाराबाहेर सामायिक व्हरांडा होता, शेजारपाजार होता. पावसात महामार्गाकडेला उभ्या असलेल्या गाडीत दोघांना रुसून बसायलाही दुसरी जागा नसते.

म्हणून आमच्या मते आराखडा हाती घेताच पहिला प्रश्न हा विचारावा, की दोघांच्या मध्ये बंद होणारे दार आहे का? एकाला पहाटे पाचला जाग येते, दुसऱ्याला मध्यरात्रीपर्यंत टीव्ही लागतो. ही तफावत तीन खोल्यांच्या घरात कधी जाणवलेलीच नसते. कापडी पडदा उजेड अडवतो, आवाज अडवत नाही. या दृष्टीने स्नानगृह मधोमध असलेली मांडणी दोघांना सोयीची ठरते. मागे शयनकक्ष, मध्ये एका बाजूला शौचालय व दुसऱ्या बाजूला शॉवर, पुढे स्वयंपाकघर आणि बैठक. एक झोपलेला असताना दुसऱ्याला शौचालयापर्यंत जाता येते. स्नानगृह गाडीच्या अगदी मागच्या टोकाला असेल तर ते ऐसपैस मिळते आणि चित्रातही देखणे दिसते, पण तेथे जायचे ते झोपलेल्याच्या पायथ्याशी अंग चोरूनच. चाळीस फुटांच्या पुढील काही गाड्यांत दीड स्नानगृह असते. तेवढी ऐपत असेल तर हा प्रश्नच मिटतो.

बिछान्याच्या बाबतीत चित्र हमखास फसवते. माहितीपत्रकात ‘क्वीन’ लिहिलेले असले तरी या गाड्यांतील क्वीन गादी पुष्कळदा ६० बाय ७५ इंचांची असते. घरगुती क्वीन ८० इंच लांब असते. सहा फूट उंचीच्या माणसाला हे पाच इंच रोज रात्री आठवतात. शिवाय पलंग कोपऱ्यात भिंतीला चिकटून असेल तर आत झोपणाऱ्याला रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडावे लागते. चादर बदलणे हाही मग एक व्यायामच. दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग जागा खातो, पण कायम राहणाऱ्यांनी ती द्यावी.

१९९० नंतर या गाड्यांत बाहेर सरकणारी भिंत, म्हणजे ‘स्लाइड-आउट’, रूढ झाली. गाडी उभी केल्यावर बटण दाबले की सोफा किंवा पलंगासह भिंतीचा तुकडा दोन-तीन फूट बाहेर सरकतो आणि बोळाची खोली होते. माहितीपत्रकातील सर्व चित्रे भिंती बाहेर सरकलेल्या अवस्थेतील असतात. गाडी चालताना, एका रात्रीपुरता वाहनतळावर मुक्काम असताना किंवा मोटर अडकल्यावर भिंती आतच असतात. तेव्हा फ्रीज उघडतो का, शौचालयापर्यंत जाता येते का, निदान अर्धा पलंग तरी मोकळा राहतो का, हे विक्रेत्याला भिंती बंद करायला लावून स्वतः पाहावे. कित्येक गाड्यांत स्वयंपाकाचा ओटा आणि समोरचा सोफा एकमेकांना भिडतात आणि मागचा अर्धा भाग दुर्गम होतो.

उत्पादकांचे मुख्य गिऱ्हाईक सुटीवर निघालेले कुटुंब असते. त्यामुळे ‘सहा जणांची झोपण्याची सोय’ हे वाक्य अभिमानाने छापले जाते. दोघांना त्यातील चार बिछाने निरुपयोगी. केबिनवरचा बिछाना फार तर माळा म्हणून वापरता येतो. त्याऐवजी पाठीला आधार देणाऱ्या दोन स्वतंत्र खुर्च्या आणि कायमचे मेज आहे का ते बघावे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दोघेही एकाच वेळी कार्यालयाशी बोलू लागले, की पलंग हेच दुसरे टेबल होते. ओट्यावर पातेले ठेवून शेजारी भाजी चिरता येईल इतकी सलग जागा हवी. फोडणीची सवय असलेल्यांनी तर बाहेर हवा फेकणारा पंखा आहे की नुसती गाळणी आहे, हे जरूर तपासावे. हिंगाचा वास गादीत मुरला की महिनाभर जात नाही.

कपाटे जास्त म्हणजे सोय जास्त, हा समजही अर्धाच खरा. प्रत्येक गाडीच्या दाराजवळ एक पट्टी चिकटवलेली असते. प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालेल हे तिच्यावर लिहिलेले असते. २००८ पासून अमेरिकी नियमांनुसार ही पट्टी बंधनकारक आहे. टाकीतील पाणीही याच वजनात धरले जाते, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. चाळीस गॅलनांची टाकी भरली की दीडशे किलो तेथेच संपले. ‘सी’ वर्गातील लांब, दोन-तीन सरकत्या भिंतींच्या गाडीत ही मर्यादा कधीकधी आश्चर्य वाटावे इतकी कमी निघते, कारण सांगाडा तोच राहतो आणि भिंतींची यंत्रणा त्याच्यावर लादली जाते. सुटीला जाणारे आठवड्याचे कपडे नेतात. कायम राहणाऱ्यांबरोबर दोन्ही ऋतूंचे कपडे, हत्यारे, औषधे, कागदपत्रे आणि न टाकवणारी पुस्तके असतात.

काही उत्पादकांची हमी कायमच्या वास्तव्याला लागू होत नाही. ही अट बारीक अक्षरांत असते, ती सही करण्याआधी वाचावी. पसंत पडलेल्या गाडीत दोन-तीन तास नुसते बसावे. दरवर्षी सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे आणि जानेवारीत फ्लोरिडातील टॅम्पा येथे भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनांत शेकडो गाड्या एकाच मैदानात पाहता येतात. एकाने पलंगावर आडवे व्हावे, दुसऱ्याने चहा करण्याचा अभिनय करावा. शौचालयाचे दार लावून बसून पाहावे. गुडघे कोठे लागतात ते चित्रात कळत नाही. शक्य असल्यास तशाच मांडणीची गाडी पंधरा दिवस भाड्याने घ्यावी, तीही शक्यतो थंडीत.

निवृत्तांनी आणखी एक विचार करायचा असतो, आणि तो करायला कोणाचेच मन धजत नाही. दोघांपैकी एक आजारी पडला तर? बाहेरच्या पायऱ्या किती व किती उंच आहेत, शॉवरचा उंबरठा ओलांडता येतो का, पलंगाजवळ खुर्ची ठेवून बसायला जागा आहे का आणि दोघांनाही ही गाडी चालवता येते का, हे आज धडधाकट असतानाच पाहिलेले बरे. टेक्ससमधील लिव्हिंगस्टन येथे एस्केपीजच्या मुख्यालयाशेजारी एक केंद्र आहे. वयोमानाने किंवा आजाराने प्रवास थांबलेले सभासद तेथे आपली गाडी लावून तिच्यातच राहतात. जेवण आणि मदत केंद्राकडून मिळते. तेथे गाडीच्या इंजिनाचे काम संपलेले असते. आतला बोळ, दार आणि पलंग मात्र रोज वापरात राहतात.