पल्प मासिकांतील साहसकथा आणि त्यांचे चित्रकार

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ज्या स्वस्त कथामासिकांनी साहसकथा घरोघर पोहोचवली, त्यांना ‘पल्प’ हे नाव त्यांच्या कागदावरून मिळाले. लाकूड यंत्रावर भरडून केलेल्या लगद्यापासून हा कागद तयार होई. तो जाडाभरडा, खरखरीत आणि अतिशय स्वस्त असे, आणि लाकडातील लिग्निन हे द्रव्य त्यात तसेच राहून जात असल्यामुळे काही वर्षांतच पिवळा पडून कडांनी झडू लागे. वाचून झाले की अंक रद्दीत जाणार, हे छापणाऱ्यालाही ठाऊक होते आणि विकत घेणाऱ्यालाही. अशा अल्पायुषी कागदावरचे साहित्य शंभर वर्षांनंतरही जिव्हाळ्याने आठवले जाते, याचे श्रेय कथालेखकांइतकेच त्यांच्या चित्रकारांना द्यावे लागते. या व्यवसायाने चित्रकाराला मानधन बेताचे दिले आणि त्याची मूळ चित्रे जपण्याची तसदी घेतली नाही, तरीही पुढील पिढ्यांच्या मनात त्याच व्यवसायाची ओळख टिकली ती प्रामुख्याने चित्रकारांनी निर्माण केलेल्या प्रतिमांमुळे.

या प्रकाराचा आरंभ फ्रँक मन्सी या न्यूयॉर्कच्या प्रकाशकापासून मानला जातो. मुलांसाठी १८८२ मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाचे त्याने पुढे ‘अर्गसी’ असे नामांतर केले आणि १८९६ मध्ये लगद्याच्या स्वस्त कागदावर केवळ कथांनी भरलेले मासिक म्हणून ते काढायला सुरुवात केली. उत्तम कागदावर निघणाऱ्या प्रतिष्ठित मासिकांचा मुख्य आधार जाहिरातींचे उत्पन्न हा होता, तर मन्सीचा हिशोब उत्पादनखर्च कमी ठेवून भरपूर मजकूर अल्प किमतीत देण्याचा आणि खपावर तगून राहण्याचा होता. लेखकांना मोबदला शब्दांच्या हिशोबाने मिळे आणि शब्दाला एक सेंट हा दर पुढे इतका रूढ झाला की तो या व्यवसायाचे परिमाणच बनला. मुखपृष्ठ मात्र चकचकीत कागदावर बहुरंगी छापले जाई, कारण वर्तमानपत्रांच्या टपरीवर दाटीवाटीने मांडलेल्या अंकांमध्ये गिऱ्हाइकाचा हात कोणत्या अंकाकडे वळणार, हे त्या एका चित्रावर ठरत असे.

आतल्या चित्रांची अडचण वेगळी होती. छायाचित्रातील किंवा रंगचित्रातील फिक्या-गडद छटा छापण्यासाठी प्रतिमेचे बारीक ठिपक्यांच्या जाळीत रूपांतर करणारा हाफटोन ब्लॉक वापरला जातो, परंतु खरखरीत कागदावर ही जाळी शाई पिऊन फुगते आणि चित्र करड्या डागासारखे उमटते. त्यामुळे पल्प मासिकांच्या आतल्या पानांवर शुद्ध काळ्या रेघांवर काम करणारा लाइन ब्लॉकच भरवशाचा ठरला. प्रकाश, सावली, धुके, पोलादाची चकाकी, घोड्याच्या अंगावरचा घाम हे सारे केवळ काळ्या आणि पांढऱ्यातून उभे करण्याचे कौशल्य चित्रकाराला अंगी बाणवावे लागे. या चित्रांच्या शैलीत जो जोरकसपणा दिसतो, त्याची मुळे अशी थेट छपाईच्या मर्यादेत आहेत.

मन्सीच्याच ‘ऑल-स्टोरी’ या मासिकाने १९१२ मध्ये एडगर राइस बरोज या शिकागोच्या नवख्या लेखकाची मंगळावरील साहसांची कादंबरी क्रमशः छापली आणि तिच्यासाठी त्याला ४०० डॉलर दिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या अंकात ‘टारझन ऑफ द एप्स’ ही कादंबरी एकाच अंकात संपूर्ण आली, आणि क्लिंटन पेटी या चित्रकाराने मुखपृष्ठावर सिंहाशी झुंजणारा टारझन रंगवला. तथापि टारझनला स्थायी रूप दिले ते जे. अॅलन सेंट जॉन या चित्रकाराने. शिकागोच्या मॅक्लर्ग या प्रकाशन संस्थेने बरोजच्या कथा पुस्तकरूपाने काढायला घेतल्यावर सेंट जॉनने १९१५ पासून त्यांच्यासाठी चित्रे काढली. मानवी शरीररचनेचे शिस्तबद्ध शिक्षण, सैल आणि वेगवान कुंचला आणि आकृतींची भव्य मांडणी यांमुळे बरोजच्या कल्पनेतील अरण्ये आणि मंगळावरील ओसाड नगरे त्याच्या चित्रांत एखाद्या हरवलेल्या इतिहासाचे पुरावे असावेत तशी दिसतात. बरोजच्या वर्णनातून वाचकाला टारझन कसा आहे हे कळत असे, आणि सेंट जॉनच्या चित्रामुळे तो डोळ्यांसमोर उभा राहत असे.

याच काळात १९१० मध्ये सुरू झालेल्या ‘अॅडव्हेंचर’ या मासिकाने साहसकथेला अनुभवाची जोड देण्याचा आग्रह धरला. आर्थर सलिव्हंट हॉफमन या संपादकाच्या कारकिर्दीत सैनिक, खलाशी आणि प्रवासी राहिलेले अनेक लेखक तेथे लिहू लागले. हॅरॉल्ड लँबच्या कोसॅक योद्ध्याच्या कथा मध्य आशियापासून मोगलकालीन हिंदुस्थानापर्यंत फिरत, तर टॅलबट मंडी या इंग्रज लेखकाने १८९९ मध्ये बडोदा संस्थानात दुष्काळ निवारणाच्या कामावर काही काळ घालवला होता आणि हिंदुस्थान हा पुढे त्याच्या कथांचा कायमचा परिसर झाला. मंडीची ‘किंग ऑफ द खैबर रायफल्स’ ही कादंबरी १९१६ मध्ये ‘एव्हरीबडीज’ या मासिकातून क्रमशः आली, तेव्हा तिची चित्रे जोसेफ क्लेमंट कोल याने काढली. ते मासिक पल्पपेक्षा वरच्या दर्जाचे असले तरी कोलची परंपरा पुढील साऱ्या पल्प रेखाटनकारांनी आपली मानली. टाक आणि शाई एवढ्याच साधनांनी तो कधी केसासारख्या रेघांचे घनदाट विणकाम करी, तर कधी पानाचा अर्धा भाग कोरा सोडून केवळ एका सावलीच्या कडेवर आकृती तोलून धरी. १९२१ मध्ये वयाच्या चाळिशीतच त्याचा मृत्यू झाला.

कोलच्याच टाकातून सॅक्स रोमरच्या फू मांचू या चिनी खलनायकाची चित्रेही उतरली होती, ही गोष्ट या इतिहासात झाकून ठेवता येत नाही. आशिया आणि आफ्रिका या खंडांतील माणसे या कथांमध्ये बहुधा धूर्त, क्रूर किंवा गूढ म्हणून येतात, आणि तेथील भूमी गोऱ्या नायकाच्या पराक्रमासाठी मोकळी पडलेली रंगभूमी म्हणून वापरली जाते. वसाहतवादाच्या काळातील हा पूर्वग्रह कथेइतकाच चित्रातही शिरला, आणि चित्र एका नजरेत मनात उतरत असल्यामुळे तो तेथे अधिक खोल रुजला. या मासिकांवर प्रेम करणाऱ्याला त्यांतील कलेचा गौरव करतानाच हा दोषही स्पष्ट शब्दांत सांगावा लागतो.

साहसाला अद्भुताची जोड देणारे ‘वीअर्ड टेल्स’ हे मासिक १९२३ मध्ये शिकागो येथे निघाले. फार्न्सवर्थ राइट या संपादकाच्या काळात त्यात रॉबर्ट ई. हॉवर्डच्या कोनन या रानटी योद्ध्याच्या कथा १९३२ पासून येऊ लागल्या. १९३४ मधील ‘द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’ ही त्यांपैकी एक कथा हिमालयाच्या पायथ्यासारख्या एका कल्पित प्रदेशात घडते आणि तिच्यात यास्मिना देवी नावाची राणी आहे. मासिकाची आर्थिक स्थिती नेहमीच ओढगस्तीची होती, आणि १९३६ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी हॉवर्डने जीवन संपवले तेव्हा मासिकाकडून त्याचे हजार डॉलरहून अधिक येणे बाकी होते.

याच मासिकाची मुखपृष्ठे १९३२ पासून मार्गारेट ब्रंडेज या शिकागोच्या चित्रकर्तीने पेस्टल, म्हणजे कोरड्या रंगाच्या कांड्या वापरून काढली. तिने एकूण ६६ मुखपृष्ठे केली आणि प्रत्येकी ९० डॉलर हा तिचा नेहमीचा मोबदला होता. ती ‘एम. ब्रंडेज’ अशी सही करीत असल्यामुळे हा चित्रकार स्त्री आहे, हे वाचकांना बराच काळ ठाऊक नव्हते. तिच्या चित्रांतील अर्धनग्न स्त्रिया अंकाचा खप वाढवीत आणि त्यांच्यावरून वाचकांच्या पत्रव्यवहारात दीर्घकाळ वादही चालत. १९३८ मध्ये मासिक न्यूयॉर्कला गेल्यावर, हात लागताच पुसट होणारी पेस्टल चित्रे इतक्या लांब पाठवणे जिकिरीचे झाले आणि तिचे काम कमी होत गेले.

आतल्या पानांवर मात्र व्हर्जिल फिन्ले या तरुणाने रेखाटनकलेची परिसीमा गाठली. १९३५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने आपली चित्रे संपादकांकडे पाठवली तेव्हा इतके बारीक काम या कागदावर उठेल की नाही, अशी शंका राइटला आली आणि त्याने आधी छापून पाहण्याची चाचणी घेतली. फिन्ले पुष्कळदा स्क्रॅचबोर्ड वापरीत असे. पांढऱ्या मातीचा थर दिलेल्या पुठ्ठ्यावर काळी शाई फासून ती धारदार पात्याने खरवडली की अंधारातून पांढऱ्या रेघा बाहेर येतात, अशी ही पद्धत आहे. जेथे मऊ छटा हवी तेथे तो ठिपक्यांचे तंत्र योजी: बारीक टाक शाईत बुडवून त्याच्या टोकावरचा थेंबच तेवढा कागदाला टेकवायचा, टाक पुसायचा, पुन्हा बुडवायचा आणि पुढचा ठिपका द्यायचा. हाफटोन ब्लॉकने यंत्रावर जी जाळी पाडली असती, ती फिन्ले असा एकेका ठिपक्याने हाताने पाडीत होता. ठिपके किती दाट, किती विरळ ठेवायचे हे त्याच्या हातात असल्यामुळे त्या खरखरीत कागदावरही गालाची गोलाई आणि पाण्यावरची चमक उमटली.

या मासिकांविषयीचे स्मरणरंजन ती बंद पडल्यानंतर सुरू झाले, असा समज होण्याची शक्यता आहे. वस्तुतः ती जोमात असतानाच, १९३९ मध्ये, मन्सीच्या संस्थेने ‘फेमस फँटास्टिक मिस्टरीज’ हे मासिक मुख्यतः जुन्या अंकांतील गाजलेल्या कथा पुन्हा छापण्यासाठी काढले. ज्यांनी त्या कथा बालपणी वाचल्या होत्या आणि ज्यांच्याकडचे अंक केव्हाच जीर्ण होऊन गेले होते, असे वाचक त्यामागे उभे होते. मेरी नॅडिंजर या संपादिकेने या जुन्या कथांसाठी फिन्ले आणि लॉरेन्स स्टर्न स्टीव्हन्स यांच्याकडून नवी चित्रे काढून घेतली, आणि १९४१ मध्ये फिन्लेच्या निवडक चित्रांचा संच चांगल्या कागदावर स्वतंत्रपणे छापून दिला. कथेपासून सुटे करून चित्र जपण्याची वाचकांची ओढ एका प्रकाशकाने तेव्हाच ओळखली होती.

दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईने पल्प मासिकांना पहिला मोठा फटका बसला. चित्रकथांच्या पुस्तिका, खिशात मावणारी कागदी बांधणीची पुस्तके आणि पाठोपाठ आलेला दूरदर्शन संच यांनी त्यांचा वाचक वाटून घेतला. ‘द शॅडो’ आणि ‘डॉक सॅव्हेज’ यांसारखी नायकप्रधान मासिके काढणाऱ्या स्ट्रीट अँड स्मिथ या मातब्बर संस्थेने १९४९ मध्ये आपली बहुतेक पल्प मासिके बंद केली. छापून झालेले मूळ चित्र ही प्रकाशकाची मालमत्ता समजली जात असल्यामुळे गोदामांत साचलेल्या शेकडो तैलचित्रांचे काय करावे, हा प्रश्न उरला, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा कचऱ्याचा ढीग हेच ठरले. जी चित्रे वाचली ती मुख्यतः खाजगी संग्राहकांमुळे. रॉबर्ट लेसर यांनी जमवलेला असा मोठा संग्रह पुढे कनेटिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथील कलासंग्रहालयाकडे आला, तेव्हा या कलेला संग्रहालयाची भिंत मिळाली.

१९६२ पासून बरोजच्या कथा नव्या पिढीसमोर आल्या, त्या चित्रकारांच्याच आधाराने. अनेक कादंबऱ्यांच्या हक्कांचे नूतनीकरण झालेले नाही असे आढळल्यावर एस बुक्स या प्रकाशन संस्थेने त्या स्वस्त आवृत्तीत काढल्या आणि मुखपृष्ठांसाठी सेंट जॉनचा निस्सीम चाहता असलेल्या रॉय क्रेंकेलला बोलावले. क्रेंकेलने आपला मित्र फ्रँक फ्रझेटा याला सोबत घेतले. १९६६ मध्ये ‘कोनन द अॅडव्हेंचरर’ या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर फ्रझेटाचा तलवारीवर हात टेकून उभा असलेला कोनन आला आणि तीस वर्षांपूर्वी निवर्तलेल्या हॉवर्डला लाखो नवे वाचक मिळाले. फ्रझेटाने याहून मोठे काम व्यवहाराच्या पातळीवर केले: मूळ चित्र आपल्याकडेच राहील, असा आग्रह त्याने प्रकाशकांपुढे धरला. त्याचे ‘इजिप्शियन क्वीन’ हे मासिकाच्या मुखपृष्ठासाठी काढलेले चित्र २०१९ मध्ये ५४ लाख डॉलरना विकले गेले. ब्रंडेजला मिळणाऱ्या ९० डॉलरशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे मधल्या काळात चित्रकाराच्या स्थानात किती पालट झाला, हे दिसते.

महाराष्ट्राशी या परंपरेचा धागा मुंबईत जुळतो. वाडिया मूव्हीटोनने १९३७ मध्ये ‘तूफानी टारझन’ हा बोलपट काढून बरोजच्या नायकाला हिंदी पडद्यावर आणले. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मुंबईतून सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्सने पल्पच्याच वातावरणात, १९३६ मध्ये, जन्मलेला चित्रकथानायक फँटम ‘वेताळ’ या नावाने मराठी मुलांच्या हाती दिला. बी. गोविंद यांनी रंगवलेली त्या अंकांची मुखपृष्ठे ज्यांनी बालपणी पाहिली, त्यांना चित्रावरून अंक उचलणाऱ्या अमेरिकन वाचकाची उत्सुकता वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

स्मरणरंजनाकडे बहुधा हळवेपणा म्हणून पाहिले जाते, परंतु पल्प मासिकांच्या बाबतीत त्याने अभिलेखागाराचे काम केले. ग्रंथालये हे अंक हलके साहित्य म्हणून ठेवीत नव्हती आणि प्रकाशक चित्रे फेकून देत होते, त्या काळात ज्या वाचकांनी झडणारी पाने पुठ्ठ्यात बांधली, सहीवरून चित्रकारांची नावे शोधली आणि चित्रांच्या याद्या केल्या, त्यांच्या श्रमांवर आजचा अभ्यास उभा आहे. हाच न्याय भारतीय भाषांतील रहस्यकथांच्या आणि बालमासिकांच्या चित्रकारांनाही मिळायला हवा. ग्रंथसूचीत लेखक, प्रकाशक आणि वर्ष यांच्या जोडीला मुखपृष्ठ व आतील चित्रे कोणाची, ही नोंद करण्याचा प्रघात पडला, तरच लोकप्रिय साहित्याचा इतिहास पूर्ण लिहिता येईल, कारण ते साहित्य घडवणाऱ्या दोन हातांपैकी एक हात सदैव चित्रकाराचा होता.