एनएफएसची गोष्ट: दूरची डिस्क आणि जवळचा भास



युनिक्सवर कधी ना कधी काम केलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हा संदेश पाहिला असेल: "एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग". मग खिडकी गोठायची, कंट्रोल-सी दाबून बोटं दुखायची, आणि आपण कॉफी आणायला उठायचो. पुष्कळ दिवस मला वाटायचं की हा कोणाचा तरी आळशीपणा आहे. नंतर कळलं की ते गोठणं चार-पाच हुशार माणसांनी विचार करून ठरवलेलं होतं. आणि मी एकदा स्वतःच्या शहाणपणाने ते 'सुधारलं', त्याची किंमत मात्र दुसऱ्याने मोजली. ती हकीकत पुढे येईलच. आधी थोडा इतिहास.

माउंट म्हणजे चढवणे. १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही ही आज्ञा आहे. त्या काळी डिस्कचा पॅक खरोखरच हाताने उचलून ड्राइव्हवर चढवावा लागे, आणि मग मशीनला सांगावं लागे की बाबा, हा चढवलाय. या नव्या डिस्कवरचं फाइलींचं झाड आपल्या मूळ झाडाच्या एका फांदीला जोडलं जाई. कोकणात रायवळ आंब्यावर हापूसचं कलम बांधतात ना, तसंच. एकदा कलम धरलं की वापरणाऱ्याला कुठलं लाकूड कुठे संपतं हे कळायची गरज नाही. पण हे सगळं एकाच खोलीत, एकाच मशीनवर.

सन मायक्रोसिस्टिम्स १९८२ साली निघाली. संस्थापकांत आपले आयआयटी दिल्लीवाले विनोद खोसला होते. प्रत्येक टेबलावर एक वर्कस्टेशन ही त्यांची कल्पना, पण डिस्क महाग. म्हणून डिस्क नसलेली वर्कस्टेशनं आणि सगळ्यांत मिळून एक डिस्कवाला सर्व्हर अशी योजना. त्यासाठी सनकडे आधी 'नेटवर्क डिस्क' नावाची सोय होती. सर्व्हरच्या डिस्कचे तुकडे पाडायचे आणि एकेका मशीनला एकेक वाटून द्यायचा, भावाभावांत जमीन वाटावी तसा. लिहिण्यासाठी मात्र दोघांना एकच तुकडा वापरता येत नसे. म्हणजे एकत्र काम करायची खरी गरज तशीच राहिली.

१९८४ साली सनच्या जॉन गेज यांनी "नेटवर्क हाच संगणक" अशी घोषणा दिली आणि त्याच सुमारास कंपनीत एनएफएसचं काम सुरू झालं. पहिली आवृत्ती घरच्या घरीच राहिली. बाहेर आली ती दुसरी, १९८५ साली सनओएस २.० बरोबर. त्याच उन्हाळ्यात युझनिक्सच्या परिषदेत सँडबर्ग, गोल्डबर्ग, क्लायमन, वॉल्श आणि लायन या पाच जणांनी त्यावर निबंध वाचला. उद्दिष्टं सरळ होती: कुठल्याही मशीनवर चालावं, सर्व्हर कोसळला तर सहज सावरता यावं, आणि वापरणाऱ्याच्या प्रोग्राममध्ये एक ओळही बदलायला लागू नये. वेग स्थानिक डिस्कच्या सुमारे ८० टक्के मिळाला तरी पुरे.

यातली खरी गंमत दुसऱ्या मुद्द्यात आहे. सर्व्हर कोसळला तर काय? पूर्वी आपल्या गल्लीतल्या वाण्याकडे उधारीची वही असायची. कोणी काय नेलं, किती राहिलं, सगळं वाण्याच्या वहीत. सोयीचं खरं, पण वही हरवली की सगळा गोंधळ. याउलट रेशनचं दुकान. तिथे कार्ड तुमच्या हातात असायचं, नोंदी त्याच्यावर. दुकानदाराला तुमचं तोंड लक्षात ठेवायची गरज नसायची. एनएफएसने रेशनचा मार्ग घेतला. कोणती फाइल कोणी उघडली आहे, कोण कुठपर्यंत वाचून आलंय, यातलं काहीच सर्व्हर लक्षात ठेवत नाही. प्रत्येक मागणी स्वतःत पूर्ण असते: "या ३२ बाइटच्या हँडलची फाइल, अमुक जागेपासून इतके बाइट दे." उत्तर आलं नाही तर तीच मागणी पुन्हा. सर्व्हर मधेच बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी त्याला काही आठवावं लागत नाही, कारण त्याला आधीही काही आठवत नव्हतं! क्लायंटच्या दृष्टीने कोसळलेला सर्व्हर आणि नुसता मंद सर्व्हर यांत फरकच नाही. म्हणूनच तो "स्टिल ट्रायिंग" म्हणत बसतो.

अर्थात विसराळूपणाची किंमत होती. फाइलीला कुलूप घालायचं तर कोणी घातलं हे लक्षात ठेवावं लागतं, म्हणून कुलपांसाठी वेगळा प्रोटोकॉल बाजूला जोडावा लागला. सर्व्हरने मध्येच विसरू नये म्हणून लिहिलेलं प्रत्यक्ष डिस्कवर गेल्याशिवाय "झालं" म्हणता येत नसे, त्यामुळे लिखाण रखडायचं. आणि सुरक्षा म्हणजे क्लायंट सांगेल तो युजर क्रमांक खरा मानायचा. एनएफएस म्हणजे 'नो फाइल सिक्युरिटी' हा विनोद काही उगाच झाला नाही.

तरी जिंकलं एनएफएसच. एटी अँड टीने सिस्टिम व्ही रिलीज ३ मध्ये आरएफएस आणलं होतं. ते वहीवालं, युनिक्सचे सगळे नियम काटेकोर पाळणारं, दूरच्या मशीनची टेप ड्राइव्हसुद्धा वापरू देणारं. कागदावर ते सरस होतं. पण सनने आपला प्रोटोकॉल उघड छापला आणि स्पर्धकांनाही वापरू दिला. कॅनडातल्या रिक मॅकलेम यांनी त्या छापील वर्णनावरून सनच्या कोडला हात न लावता स्वतःचं एनएफएस लिहिलं, ते १९९० साली बर्कलीच्या ४.३ बीएसडी रेनोमध्ये आलं. एटी अँड टीच्या रिलीज ४ मध्येही शेवटी एनएफएस घ्यावंच लागलं.

आता माझी हकीकत. नव्वदीच्या मध्याला मी एका कंपनीत सिस्टिम ॲडमिन होतो. दुसऱ्या इमारतीतला सर्व्हर वरचेवर अडखळायचा, आणि तिकडे तो अडखळला की इकडे सगळ्यांची वर्कस्टेशनं गोठायची. रोज तक्रारी. मॅन्युअलमध्ये मला 'सॉफ्ट' माउंट सापडलं. 'हार्ड' माउंट उत्तर येईपर्यंत थांबतं, 'सॉफ्ट' ठराविक प्रयत्नांनंतर प्रोग्रामला चूक कळवून मोकळं होतं. एका शुक्रवारी दुपारी मी सगळीकडे सॉफ्ट करून टाकलं. गोठणं बंद! दोन आठवडे लोक माझ्यावर खूष होते.

मग एक तेलुगू सहकारी माझ्या टेबलाशी आला. शनिवार-रविवार चाललेल्या त्याच्या सिम्युलेशनची फाइल आकाराने बरोबर दिसत होती, पण मधे मोठ्या पट्ट्यात नुसती शून्यं. सर्व्हर मधेच काही मिनिटं गप्प झाला होता. माउंटने चूक कळवली होती, पण त्याच्या प्रोग्रामने ती पाहिलीच नव्हती. पाहणार तरी का? डिस्कवर लिहिताना चूक येते असं कोण धरून चालतं? तीन आठवड्यांचं काम, आणि त्यातलं कुठलं खरं हे सांगणं अशक्य. त्याने आवाज चढवला नाही, इतकंच म्हणाला, "गोठलं असतं तर निदान मला कळलं असतं." त्याच संध्याकाळी मी सगळं परत हार्ड केलं.

पुढे मला सनच्याच संशोधन विभागातल्या जिम वॉल्डो आणि सहकाऱ्यांचा १९९४ सालचा निबंध वाचायला मिळाला. त्यात नेमकी हीच चिरफाड आहे. त्यांचं म्हणणं असं की दूरची वस्तू जवळच्यासारखी दाखवणं फार तर अर्धवट जमतं, कारण जवळच्या वस्तूला अर्धवट बिघडणं माहीतच नसतं. हार्ड आणि सॉफ्ट ही त्या फटीची दोन तोंडं. एकात तुम्ही अडकता, दुसऱ्यात फसता. तिसरा पर्याय त्या जुन्या प्रोग्रामांच्या भाषेतच नव्हता. वाचताना तो तेलुगू सहकारीच डोळ्यांसमोर आला.

नंतरचा इतिहास म्हणजे हे कर्ज फेडण्याचा इतिहास. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने २ जीबीची मर्यादा काढली आणि लिखाणाची रखडपट्टी कमी केली. १९९८ साली सनने सूत्रं आयईटीएफकडे सोपवली. २००० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत तर गंमतच झाली, वाण्याची वही परत आली! फाइल कोणी उघडली, कुलूप कोणाचं, हे सर्व्हर पुन्हा लक्षात ठेवू लागला. फक्त या वेळी मुदतीने. आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा, तसा इथे काही सेकंदांचा (लिनक्सवर सहसा ९०). वेळेत नूतनीकरण केलं नाही तर हक्क गेला. सन २०१० साली ओरॅकलच्या पोटात गेली, पण एनएफएस जिवंत आहे. २०२२ च्या आरएफसी ९२८९ मुळे त्याला टीएलएसचं कूटलेखनही मिळालं. विश्वासावर चाललेल्या गोष्टीला ३७ वर्षांनी दाराला कडी!

'स्टिल ट्रायिंग' दिसलं की आता मला राग येत नाही. ते मशीन निदान खरं सांगतंय की पलीकडून उत्तर आलेलं नाही. रविवारी घरी फोन लावल्यावर मधेच पलीकडून आवाज येईनासा झाला की आपणही "हॅलो, हॅलो" करत थांबतोच की. ऐकलं असेल असं धरून पुढे बोलत नाही. लिहिण्याचा माउंट असेल तर मंडळी, हार्डच ठेवा.

चूभूद्याघ्या.