सरकारी प्रकाशनांची निवड व जतन : १८७५ च्या दख्खनी दंग्यांच्या कागदपत्रांवरून

विद्यापीठाच्या ग्रंथालयात सरकारी प्रकाशनांना स्थान किती द्यावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा जागा आणि खर्च या दोन अंगांनीच होत आली आहे. परंतु एखादी मालिका ठेवावी की गाळावी हे ठरविताना ग्रंथपाल पुढील पिढीला कोणता इतिहास लिहिता येईल हेही नकळत ठरवीत असतो. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली झालेल्या शेतकऱ्यांच्या दंग्यांचे कागद या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

१२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारगावी कुळांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या जाळल्या. हे लोण आसपासच्या गावांत पसरले. सरकारने चौकशी समिती नेमली व तिचा अहवाल १८७६ साली तयार झाला. त्यात सावकारी, कर्जाचा बोजा व दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे यांवर भर होता. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला. ही हकीकत सर्वश्रुत आहे आणि अहवालाची एक प्रत बाळगणाऱ्या ग्रंथालयातील वाचकास ती तेवढीच दिसेल.

या अहवालाबरोबर ऑकलंड कॉल्व्हिन यांचे एक टिपण आहे. मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाची फेरआकारणी हा त्याचा विषय असून, वाढीव साऱ्याचा दंग्यांच्या कारणांत विचार केल्याखेरीज भागणार नाही, असा त्याचा रोख आहे. कॉल्व्हिन यांचे म्हणणे बरोबर की चूक, हे पडताळावयाचे तर अहवाल पुरत नाही. त्यासाठी ‘मुंबई सरकारच्या दप्तरांतील निवडक कागद’ या नावाने निघालेल्या प्रदीर्घ मालिकेकडे वळावे लागते. तालुक्यातालुक्याच्या पाहणीचे व आकारणीचे कागद तेथेच छापलेले आहेत.

इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीची पहिली आकारणी लागू झाली. तिची मुदत तीस वर्षांची होती. ती संपली तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) चढलेले कापसाचे व धान्याचे भाव अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होते. नवे दर त्या तेजीच्या छायेत ठरले आणि वसुली मात्र मंदीच्या वर्षांत करावी लागली. वाढ इतकी जड झाली की १८७४ साली मुंबई सरकारनेच मर्यादा घातली: तालुक्यावर अगर गावांच्या गटावर शेकडा ३३, एका गावावर शेकडा ६६ आणि एका खातेदाराच्या जमिनीवर शेकडा १०० यांहून अधिक वाढ होऊ नये. शंभर टक्के वाढ ही मर्यादा म्हणून लिहावी लागते, यातच पूर्वीचा प्रकार कळून येतो. हा सर्व पुरावा दंग्यांच्या अहवालाच्या आधीचा आणि त्याहून निराळ्या ठिकाणचा आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की जेम्स कॅम्बेल यांच्या गॅझेटियरच्या पुणे जिल्ह्याच्या तीन भागांत (१८८५) या कागदांचा सारांश आलेलाच आहे. तो आला आहे व फार कष्टाने केलेला आहे. पण सारांश करणारा काही ठेवतो व काही सोडतो. आकारणी अधिकाऱ्याने सुचविलेले दर, आयुक्तांनी त्यावर मारलेला शेरा आणि सरकारने केलेला अंतिम ठराव या तिन्हींतील अंतर मूळ कागदांतच कळते. शिवाय ती मालिकाही ‘निवडक’च आहे. सरकारने एकदा निवडले, गॅझेटियरकारांनी त्यातून पुन्हा निवडले. ग्रंथालयाने तिसऱ्यांदा निवड करताना निदान पहिल्या निवडीपर्यंत तरी मागे जावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. रविंदर कुमार यांचा एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या समाजस्थितीचा ग्रंथ (१९६८) आणि नील चार्ल्सवर्थ यांचा दंग्यांच्या प्रचलित कल्पनेवर आघात करणारा लेख (१९७२) यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांचा वाद कोणी पुढे चालवावयाचा तर हेच कागद हाती असावे लागतात.

हे कागद ग्रंथालयात येतात कसे, हा पुढचा प्रश्न. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याने छापील पुस्तकांच्या प्रती सरकारकडे जाऊ लागल्या. १९५४ च्या कायद्याने कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व इतर नियुक्त सार्वजनिक ग्रंथालये यांच्याकडे प्रती पाठविणे बंधनकारक झाले. केवळ कार्यालयीन उपयोगासाठी छापलेली प्रकाशने त्यातून वगळली आहेत, आणि विद्यापीठांची ग्रंथालये त्या यादीत नाहीत. त्यांना विकत घ्यावे लागते, मागून घ्यावे लागते, किंवा एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याच्या संग्रहाची वाट पाहावी लागते. पुण्यास भारत सेवक समाजाने १९०५ पासून जमविलेला संग्रह पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या उपयोगी पडला, याचे कारण तो संग्रह करणारे लोक अर्थसंकल्पावर बोलण्यासाठी सरकारी अहवाल रोज वाचीत होते. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, गणेश व्यंकटेश जोशी यांनी सरकारवर केलेली टीका सरकारच्याच आकड्यांवर उभी होती. निवडीची इतकी चांगली कसोटी नंतरच्या ग्रंथालयांना क्वचितच लाभली.

सूचीचा प्रश्न याहून किचकट आहे. वाचक ‘दख्खनच्या दंग्यांचा अहवाल’ मागतो. मुखपृष्ठावर मात्र ‘पुणे व अहमदनगर येथील दंग्यांविषयीची समिती’ असे नाव असते. डॉ. रंगनाथन यांनी १९३४ च्या सूचीसंहितेत सरकारी संस्थांना कर्तृत्व देण्याचे नियम घालून दिले. पण सरकारच बदलते तेव्हा नियमाला जोडपत्रे लावावी लागतात. मुंबई इलाखा, मुंबई राज्य व १९६० नंतरचे महाराष्ट्र राज्य ही तीन शीर्षके मुंबईपुरती झाली. विदर्भाचे कागद नागपूरच्या मध्यप्रांत सरकारच्या नावाखाली आणि त्यापूर्वी वऱ्हाडापुरते ‘हैदराबादचे सुपूर्त जिल्हे’ या नावाखाली आहेत. १८७० चे लायल यांचे वऱ्हाडाचे गॅझेटियर शोधणाऱ्यास हे नाव ठाऊक नसेल तर ग्रंथ कपाटात असूनही सापडणार नाही. औरंगाबादचे १८८४ चे गॅझेटियर निजामाच्या राज्याचे. कॅम्बेल यांच्या संचाशेजारी ते ठेवले की त्या संचाचाच एक भाग वाटू लागते. या सर्व शीर्षकांना परस्परांचे निर्देश जोडणे हे एका कारकुनाचे दोन-तीन वर्षांचे काम आहे. अर्थसंकल्पात त्याची तरतूद झाली तर १९५६ साली एकत्र आलेल्या प्रदेशांचा महसुली इतिहास प्रथमच एका टेबलावर मांडून वाचता येईल.